मशीन नंतर, आधी पऱ्हाटी

(नारायणगड परिसरातल्या काही तरुणांसमोर केलेल्या बोलण्याचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून लिहून देतोय.)



आजचा प्रश्न मला गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा आलाय. "दादा, पेलेटचं मशीन कोणतं घेऊ?" प्रश्न विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले. कुणाकडे चार एकर कापूस, कुणाकडे तूर-सोयाबीन. फोनवर एक रील बघितलेली असते. मशीनच्या एका बाजूने भुसा जातो, दुसऱ्या बाजूने चकचकीत कांड्या बाहेर पडतात आणि खाली लिहिलेलं असतं, पऱ्हाटीपासून लाखोंची कमाई. माझ्या मामाच्या मुलानेही तीच रील पाठवली. सोबत मशीनचं कोटेशन, आणि बँकेतून कर्जाची फाईल आणलेली.

मी काही इंधनाचा शास्त्रज्ञ नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण घरच्या माणसाच्या डोक्यावर कर्ज बसणार म्हटल्यावर विषय नीट वाचला, जाणत्या माणसांना विचारलं, ढीग हाताने उकरून बघितले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगतो. पेलेटचा दर्जा मशीन ठरवत नाही. तो शेतात, बांधावरच्या ढिगात आणि ताडपत्रीखाली ठरतो. मशीन फक्त जे आहे ते दाबून देतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी शब्द समजून घेऊ. पेलेट म्हणजे बारीक कांडी, साधारण ६ ते १० मिलिमीटर जाडीची. जनावरांची गोळी पेंड बघितली असेल, तशीच दिसते. ब्रिकेट म्हणजे मोठा ठोकळा, बहुतेक वेळा ९० मिलिमीटर जाड. त्यालाच बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. दोन्हींचं तत्त्व एकच. मोकळ्या कुट्टीचं वजन एका घनमीटरला जेमतेम शंभर-दीडशे किलो भरतं. पेलेट केले की तेवढ्याच जागेत सहाशे किलोच्या वर माल बसतो. म्हणजे गाडीत हवा न नेता इंधन नेता येतं. धंद्याचं मूळ इथे आहे.

आता कांडी चिकटून कशी राहते? डिंक टाकतात का? सहसा नाही. लाकूडसर काडीत लिग्निन नावाचा घटक असतो. काडीला ताठपणा तोच देतो. दाब आणि घर्षणाने तो तापला की मऊ पडतो, भुशाचे कण एकमेकांना धरतात, आणि थंड झाला की पुन्हा घट्ट होतो. बांगड्यांची लाख आठवा. तापवली की वळते, गार झाली की दगड. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

पहिला मुद्दा, ओलावा. सगळ्यात मोठा.

तुम्ही कापूस विकायला सीसीआयच्या केंद्रावर गेलात तर ग्रेडर आधी काय बघतो? ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून, त्याच्या वर माल परत. गंमत म्हणजे त्याच कापसाच्या पऱ्हाटीचे पेलेट करायचे तर भुशाचा ओलावाही साधारण ८ ते १२ टक्केच लागतो. ज्या घराला कापसाचा ओलावा कळतो, त्या घराला हा धंदा अर्धा कळलेला आहे.

ओलावा जास्त असेल तर काय होतं? डायमध्ये, म्हणजे भोकं पाडलेल्या त्या जाड पोलादी साच्यात, पाण्याची वाफ होते. कांडी बाहेर पडली की वाफ फुटून निघते आणि कांडीला चिरा पडतात. ब्रिकेटच्या मशीनमध्ये तर ठोकळा फटाक्यासारखा फुटतो. अगदीच कोरडा भुसा असेल तर उलटा त्रास. थोडं पाणी लिग्निनला लवकर मऊ करतं आणि भुसा पुढे सरकायला मदत करतं. ते नसेल तर घर्षण वाढतं, डाय चोंदतो आणि बाहेर येते ती पावडर.

आता पैशाचा हिशेब. नगद नारायण महाराजांच्या गडाच्या पायथ्याशी बोलतोय, तर हिशेबही रोखठोक करू. पूर्ण कोरड्या काडीत किलोला ४००० किलोकॅलरी उष्णता आहे असं धरा. १० टक्के ओलाव्याच्या एका किलोत ९०० ग्रॅम काडी, म्हणजे ३६००. आतलं १०० ग्रॅम पाणी उडवायला साधारण ६० जातात. हातात उरले ३५४०. आता २५ टक्के ओलावा घ्या. ७५० ग्रॅम काडीचे ३०००, त्यातून पाणी उडवायला १५० वजा. उरले २८५०. वजनकाट्यावर दोन्ही किलो सारखेच, पण दुसऱ्या किलोत उष्णता जवळपास वीस टक्के कमी. घेणारा एकदा फसतो. दुसऱ्या वेळी तो ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतो आणि गाडी फाटकातून परत पाठवतो. परतीचं भाडं तुमच्या माथी.

मग वाळवायचं कसं? एक टन पऱ्हाटी ३० टक्के ओली आहे आणि ती १० टक्क्यांवर आणायची आहे. त्यात कोरडी काडी ७०० किलो. १० टक्के ओलाव्याला एकूण वजन भरेल साधारण ७७८ किलो. म्हणजे टनामागे २२२ लिटर पाणी उडवायचं. ड्रायर लावला तर त्याला जळण आणि वीज लागणार, नफा तिथेच संपणार. पण आपल्याकडे मार्च-एप्रिलचं ऊन आहे, कोरडा वारा आहे. आपण आयुष्यभर ऐकत आलो की बीड म्हणजे दुष्काळी जिल्हा. कोकणातल्या माणसाला हीच काडी वाळवायला किती यातायात करावी लागेल, विचार करा. या एका धंद्यात आपलं कोरडं हवामान हे भांडवल आहे. ते फुकट आहे, पण जूनमध्ये संपतं.

माझी मामी ओलावा मोजायला यंत्र वापरत नाही. काडी हातात घेते आणि वाकवते. "कडकन मोडली तं वाळली, वाकली तं वली." शंभर टक्के बरोबर. फक्त एक लक्षात ठेवा, ढिगाच्या वरची काडी मोडते आणि खालची वाकते. म्हणून नमुना घ्यायचा तो वरून, मधून आणि तळातून.

दुसरा मुद्दा, माती.

पऱ्हाटी आपण चिमट्याने उपटतो. मुळाला ढेकूळ येतं. ते झटकलं नाही तर ढेकळासकट ढीग लागतो. पुढे ट्रॅक्टरच्या फाळक्याने ओढून भरलं की आणखी माती आली. माती जळत नाही. टनात १०० किलो माती असेल तर तिचं भाडं तुम्ही भरलं, ती दळायला वीज जाळली, आणि तिच्यातल्या वाळूने हॅमर मिलचे हातोडे आणि डायची भोकं घासून काढली. डाय ही मशीनमधली महाग आणि झिजणारी वस्तू आहे. माती तिला पॉलिश पेपरसारखी खाते.

शिवाय राख वाढते. स्वच्छ लाकूडसर काडीत राख थोडी असते. भाताच्या तुसात ती वीस टक्क्यांच्या आसपास जाते. आपली पऱ्हाटी आणि तुराटी या बाबतीत चांगल्या घरची आहे, पण मातीने आपणच तिला बिघडवतो. राख नुसती जास्त असणं एक, ती वितळणं दुसरं. पिकातलं पोटॅशियम आणि क्लोरिन भट्टीत गेलं की राख कमी तापमानाला मऊ होऊन चिकटते. वीटभट्टीत विटा वितळून खंगर होतात ना, तसे गोळे बॉयलरच्या जाळीवर बसतात. बॉयलरवाला वैतागतो आणि पुढची ऑर्डर देत नाही.

यावर उपाय महाग नाही. मुळं झटका, किंवा काडी जमिनीच्या थोडी वर छाटा. ढीग मातीवर न लावता जुन्या ताडपत्रीवर किंवा फरशीवर लावा. पानं पूर्ण गळू द्या. पानांत राख काडीपेक्षा जास्त असते. ती रानात पडली तर जमिनीला खत आणि पेलेटला फायदा.

तिसरा मुद्दा, दळण.

८ मिलिमीटरच्या कांडीत बोटभर लांब काडी बसत नाही. आधी कुट्टी, मग हॅमर मिल, आणि तिची चाळणी कांडीच्या जाडीपेक्षा बारीक भोकांची. जाड तुकडा कांडीत राहिला की तिथूनच चीर जाते. पण सगळं पिठासारखंही नको. काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंट एकमेकांच्या फटी भरतात, तसं थोडं बारीक, थोडं भरड असं मिश्रण घट्ट बसतं. ब्रिकेटला यापेक्षा भरड चालतं. म्हणून सुरुवात करणाऱ्याला ब्रिकेट सोपी जाते.

पऱ्हाटीची एक खास खोड आहे. तिच्या सालीचे लांब धागे निघतात. वर चुकार कापूस अडकलेला असतो. हे धागे शाफ्टला गुंडाळतात, हॉपरमध्ये जाळं करून बसतात, आणि भुसा खाली उतरायचा थांबतो. लाकडाच्या भुशावर मशीनचा डेमो बघून आलात आणि घरी पऱ्हाटी टाकली, तर हा अनुभव पहिल्याच दिवशी येईल. म्हणून मामेभावाला एकच अट घातली. डेमो आपल्या पऱ्हाटीवर झाला पाहिजे. चार पोती स्वतः घेऊन जा, त्यांचा भुसा चालणार नाही.

चौथा मुद्दा, डाय आणि उष्णता.

डायच्या भोकाची लांबी भागिले व्यास, हा आकडा विचारा. ८ मिलिमीटरचं भोक आणि ४० मिलिमीटर लांबी असेल तर उत्तर ५. भोक जितकं लांब, तितकं घर्षण जास्त, तितकी उष्णता आणि दाब जास्त, कांडी तितकी घट्ट. पण फार लांब केलं तर माल आतच अडकतो, आणि विजेचं बिल वाढतं. प्रत्येक मालाला त्याचा डाय लागतो. गोळी पेंडीचा डाय पऱ्हाटीला चालेलच असं नाही. पेंडीत स्टार्च आणि प्रथिनं असतात, ती सहज चिकटतात. म्हणून "एकच मशीन, पेंडही निघेल आणि पेलेटही" असं कुणी म्हणालं तर डाय किती देताय, ते विचारा.

आज पऱ्हाटी, उद्या सोयाबीनचं भुसकट, परवा तुराट्या, असं हाताला येईल ते टाकलं तर कांडी रोज वेगळी निघते. मिश्रण चालतं, पण प्रमाण ठरवून आणि तेच टिकवून. आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कांडी तुटतेय म्हणून ओलावाही बदलला, चाळणीही बदलली आणि मिश्रणही बदललं, तर सुधारलं कशामुळे ते कधीच कळत नाही.

पाचवा मुद्दा, गार करणं आणि साठवण.

डायमधून निघालेली कांडी गरम आणि मऊ असते. लाख अजून गोठलेली नाही. ती तशीच पोत्यात भरली की पोत्यात वाफ धरते, कांड्या भुगा होतात, बुरशी येते. पसरून, वारा देऊन गार करा, चाळून भुकटी काढा आणि ती भुकटी परत मशीनला घाला. नंतर पावसापासून जपा. साधा पेलेट पाण्यात विरघळल्यासारखा सुटतो. जूनमधली एक सर पूर्ण उन्हाळ्याची मेहनत पावडर करू शकते. कर्जाच्या फाईलमध्ये मशीनची किंमत सगळे लिहितात, शेडची कुणी लिहीत नाही. मामेभावाच्या फाईलमध्येही नव्हती.

आता चांगलं म्हणजे किती चांगलं? मापं आहेत. लाकूड सोडून इतर शेतमालाच्या पेलेटसाठी आयएसओ १७२२५ या मानकाचा सहावा भाग आहे. त्यात दोन वर्ग. अ वर्गाला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, राख ६ टक्क्यांपर्यंत, टिकाऊपणा किमान ९७.५ टक्के. ब वर्गाला ओलावा १५, राख १०, टिकाऊपणा ९६. टिकाऊपणा म्हणजे काय, तर ५०० ग्रॅम पेलेट एका पेटीत घालून मिनिटाला ५० फेऱ्यांनी दहा मिनिटं फिरवायचे, मग ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचे. वर किती उरले ते टक्क्यात. ४८० ग्रॅम उरले तर ९६ टक्के.

प्रयोगशाळेचा दाखला शेवटी लागतोच, पण रोजचा अंदाज घरीही येतो. पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. घट्ट असेल तर बुडतो, तरंगला तर दाब कमी पडला. डब्यात घालून ठराविक वेळ हलवा, चाळा, वजन करा. ओलाव्यासाठी १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि घट मोजा. मातीसाठी मूठभर भुसा पाण्यात ढवळा आणि तळाला काय बसतं ते बघा. आकडा अचूक येणार नाही, पण कालच्यापेक्षा आज माल बिघडला की सुधारला, ते नक्की कळेल.

तुम्ही म्हणाल, एवढं काटेकोर कशाला? कारण मोठा ग्राहक काटेकोर आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशासोबत बायोमास पेलेट जाळण्याचं सुधारित धोरण दिलं. जून २०२३ च्या बदलाने वेळापत्रक ठरलं, २०२४-२५ पासून ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात. २५० मेगावॅटचे तीन संच, एकूण ७५०. माझा ढोबळ हिशेब असा. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट. एका युनिटला ६७० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला बारा हजार टन. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज ६०० टन पेलेट. कोरडवाहू रानातून एकरी टनभर पऱ्हाटी निघते असं धरलं, तर रोज सहाशे एकर. एका गावाचं हे काम नाही, अनेक गावांचं आहे.

पण वीज केंद्रात पेलेट कोळशासोबत चक्कीत दळला जातो. धागेदार असेल तर दळला जात नाही. भुकटी जास्त असेल तर ती धुळीसारखी उडते आणि पेट घेते. वाफेच्या नळ्यांवर राख चिकटली तर संच बंद ठेवून साफ करावा लागतो. त्यांच्यासाठी खराब पेलेट स्वस्त मिळाला तरी महाग पडतो. म्हणून ते दाखला मागतात, आणि मागणारच.

शेवटी मामीचा मुद्दा सांगायलाच हवा. आम्ही ढीग मोजत होतो तेव्हा ती म्हणाली, "समदी नेऊ नका रं, पावसाळ्याचं जळण ठिवा." गावात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, आणि पाणी तापवायला चूलच पेटते. पऱ्हाटी कचरा आहे असं रीलमध्ये म्हणतात. ज्या घरात ती पावसाळाभर पुरते, त्या घरासाठी ती कचरा नाही. तसंच कडब्याचं आणि भुसकटाचं. दुष्काळी वर्षात ते जनावराच्या तोंडचं असतं, त्याला मशीनकडे वळवू नका. उरेल ते न्या, आणि नेल्याचे पैसे द्या.

उरलेल्या पऱ्हाटीचं मात्र काहीतरी करायलाच हवं. बांधावर वर्षभर पडलेल्या ढिगात, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकते आणि पुढच्या हंगामात परत कापसावर येते. म्हणून कृषी विभाग फरदड घेऊ नका, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा, असं दरवर्षी सांगतो. बरेच जण काडी पेटवून देतात. तीच वेळेवर काढून, झटकून, वाळवून दळली तर अळीचाही आसरा जातो आणि चार पैसेही येतात.

मामेभावाची फाईल सध्या थांबलीय. रद्द नाही, थांबलीय. त्याला मी या हंगामाचं काम दिलंय, तेच तुम्हालाही देतो. एक वजनकाटा, एक चाळणी, एक वही. पाच शेतकऱ्यांची पऱ्हाटी निवडा. कधी उपटली, किती दिवसांत वाळली, तळाला ओलावा किती, माती किती, घरच्या जळणाला ठेवून खरोखर किती उरली, हे लिहा. जूनमध्ये वही उघडून बघा. वर्षभर पुरेल एवढा एकसारखा, कोरडा, स्वच्छ माल गोळा होतोय असं वहीने सांगितलं, तर कोणतंही बऱ्यापैकी मशीन चालेल. नाही सांगितलं, तर सगळ्यात महागडं मशीनही हप्ता फेडणार नाही.

कुणी वही सुरू केली तर पहिल्या पानाचा फोटो पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण त्याच आकड्यांवर बोलू. भेटूया. राम कृष्ण हरी.